वीस मोजेपर्यंत

आमच्या प्रयोगशाळेत एक प्रेशर कुकर आहे. नवा आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी विचारतोच, "आज काय शिजतंय?" मी सांगते, "माणसं." पुन्हा कुणी विचारत नाही. खोटं काही नाही त्यात. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, आम्ही तो मेणात बसवतो, केसाहून पातळ कापतो, काचेवर घेतो आणि रंगवतो. काही रंग असे हट्टी आहेत की काच आधी कुकरमध्ये उकळल्याशिवाय ते चढतच नाहीत.

हे सगळं मला बाईंनी शिकवलं. बाई म्हणजे या खोलीच्या आधीच्या मुख्य तंत्रज्ञ. चौतीस वर्षं त्यांनी खिडकीजवळच्या याच स्टुलावर बसून तुकडे कापले, आणि त्यातली शेवटची नऊ माझ्या डोक्यावर बसून. मला त्या 'धांदरट' म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

मेणात तुकडा बसवण्याचा त्यांचा एक नियम होता. वितळलेल्या मेणात तुकडा चिमट्याने उभा धरायचा आणि मोठ्याने वीसपर्यंत मोजायचं. मेण खालून गोठत येतं. वीस होईपर्यंत तुकडा आपल्या पायावर उभा राहतो, त्याआधी सोडलात तर आडवा होतो. एरवी त्याने फारसं बिघडत नाही, पण धमनी असेल तर सगळंच बिघडतं. धमनी म्हणजे नळी. उभी बसवून कापली की काचेवर गोल कडी मिळते, भिंतीचे सगळे थर स्वच्छ दिसतात. आडवी पडली की नुसती पट्टी मिळते, आणि पट्टीवरून धड काही सांगता येत नाही. बाईंच्या पाठीमागे आम्ही त्यांच्या मोजण्याची नक्कल करायचो. त्या निवृत्त झाल्या आणि मोठ्याने मोजणं बंद झालं. मग मी मनात मोजायचे. पुढे कधीतरी तेही बंद झालं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी एक बाटली आली. कपाळाच्या बाजूची धमनी, उजवी. वय सत्तर. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: दोन महिने डोकं दुखतं, केस विंचरताना कातडी दुखते, चावताना जबडा दमतो, चार दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. संशय धमनीदाहाचा, म्हणजे धमनीची भिंत सुजून डोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा. मी सवयीने नंबर टाकायला घेतला आणि मग नाव वाचलं. बाईंचं होतं.

बाटली तशीच टेबलावर ठेवून मी तीन जिने चढून वॉर्डात गेले. बाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. कानशिलावर पट्टी, डाव्या पायाला बँडेज. उजवा डोळा उघडा होता, पण तो माझ्याकडे पाहत नव्हता, कुठेच पाहत नव्हता.

"कोण? धांदरट?"

"बाई, हे काय हो? मला कळवायचं तरी."

"कळवून तू काय करणार होतीस? तुकडा आलाय का खाली?"

"आलाय."

"किती लांब?"

"दीड सेंटिमीटर."

"सहा कर. सगळे उभे. आणि रडू नकोस, मेणात पाणी चालत नाही."

बाहेर व्हरांड्यात त्यांची भाची भेटली. बाईंनी लग्न केलं नाही, ही बहिणीची मुलगीच त्यांचं सगळं बघते. बिचारीचा चेहरा पार उतरला होता. "मावशीची साखर चारशेच्या खाली येत नाहीये," ती म्हणाली. "स्टिरॉइड सुरू केल्यापासून पायाची जखम चिघळलीय. फिजिशियन मॅडम म्हणतात, असंच चालू राहिलं तर पाय जाईल. आणि स्टिरॉइड बंद केलं आणि खरंच धमनीदाह असला, तर दुसरा डोळा जाईल. तोही कधी जाईल सांगता येत नाही. आज, उद्या, कधीही."

"मग काय ठरलंय?"

"शुक्रवारी बारा वाजता ठरवणार. डोळ्याचं नुकसान मधुमेहामुळेही झालेलं असू शकतं म्हणतात, म्हणून त्यांना पुरावा हवाय. तुमच्या रिपोर्टमध्ये आजार दिसला तर औषध चालू, नाही दिसला तर बंद." तिने माझा हात धरला. "तुम्ही स्वतः बघाल ना?"

"स्वतःच बघणार," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

मंगळवारी सकाळी मी सहा तुकडे मेणात बसवायला घेतले. पाच छान उभे राहिले. सहावा धरला आणि माझ्या डोळ्यांसमोर बाईंचा तो न पाहणारा डोळा आला. चिमटा कधी सुटला ते कळलंच नाही, असं लिहायला सोपं आहे, पण खोटं कशाला लिहू? कळलं होतं. तुकडा कलताना मी पाहिला आणि मनाशी म्हटलं, जाऊ दे, पाच तर उभे आहेत.

बुधवारी साध्या रंगात रंगवलेल्या काचा घेऊन मी कदाचितसाहेबांकडे गेले. हे आमचे पॅथॉलॉजिस्ट. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, हुशार, सज्जन आणि कमालीचे सावध. असा एकही रिपोर्ट नाही ज्यात त्यांनी 'कदाचित' लिहिलेलं नाही. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी होकार तरी धड दिला असेल का, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली होती.

ते मायक्रोस्कोपवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"पाच कड्या आहेत. पाचही स्वच्छ. बाहेरच्या थराजवळ चार-दोन पेशी रेंगाळताहेत, पण तेवढं निरोगी माणसातही दिसतं. सहावी नुसती पट्टी आहे." त्यांनी मान वर केली. "ताई, मला निगेटिव्ह लिहावं लागेल, कदाचित."

हा आजार धमनीत सलग नसतो. एक जागा सुजलेली, पुढची दोन मिलिमीटर साफ, पुन्हा एक सुजलेली. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. पण जे दिसलंच नाही ते लिहायचं कसं?

"डॉक्टर, मार्कर लावू या. तीन नंबर आणि अडुसष्ट नंबर."

"साध्या रंगात काही नाही, तर मार्करमध्ये काय मिळणार?"

"नाही मिळालं तर नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

मार्कर ही भानगड तशी सोपी आहे. साध्या रंगात सगळ्या पेशी गुलाबी-जांभळ्या, वर्गात एकाच गणवेशात बसलेल्या मुलांसारख्या. मार्कर हजेरी घेतो. अडुसष्ट नंबर पुकारला की पेशी गिळणाऱ्या, सूज पसरवणाऱ्या ज्या पेशी असतील तेवढ्याच हात वर करतात, म्हणजे तपकिरी होतात, बाकी सगळं निळं राहतं. तीन नंबर पुकारला की त्यांना बोलावून आणणाऱ्या. गर्दीत लपून बसलेला एकटादुकटाही मग सापडतो.

गुरुवारी सकाळी काचा तयार झाल्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात टॉन्सिलचा एक जुना तुकडा असतो, त्यात या पेशी असतातच. तो तपकिरी झाला म्हणजे रंगाने आपलं काम केलं. टॉन्सिल मस्त तपकिरी झालं होतं. कड्या पाहिल्या. पहिली निळी, दुसरी निळी, पाचही निळ्या, स्वच्छ, तपकिरीचा मागमूस नाही. उठणारच होते, पण एक सवय असते हाताची, काच शेवटपर्यंत सरकवायची. सरकवली. पट्टी आली. पट्टीच्या अगदी टोकाला, अडुसष्ट नंबरच्या काचेवर, सात-आठ तपकिरी ठिपके.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या खोलीतून कदाचितसाहेब धावत आले, त्यांना वाटलं मी बोट कापून घेतलं.

"बोट नाही! बघा! टोकाला!"

त्यांनी पाहिलं. तीन नंबरच्या काचेवरही तीच जागा पाहिली. तिथेही ठिपके. त्यांच्या मानेची शीर उडत होती, मला दिसत होती.

"आहेत," ते हळूच म्हणाले. "पण ताई, यावरून मी पॉझिटिव्ह म्हणू शकत नाही. हे भिंतीच्या आत आहेत की बाहेर, तेच कळत नाहीये. ही पट्टी आडवी कशी?"



"मी पाडली," मी म्हटलं. "चिमटा लवकर सोडला. दिसलं होतं मला, तरी पुढे गेले."

मला वाटलं, आता हे बोलणार. बोलायलाच हवं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "मेणात किती उरलाय?"

"वरून थोडाच कापला गेलाय. बराचसा आहे."

"मेण वितळवून उभा करता येईल?"

"येईल. पण इतका लहान आहे की वितळलेल्या मेणात हरवला तर गेलाच. आणि उलटसुलट झाला तर कापताना संपेल."

"मग कदाचित..."

"डॉक्टर, पाया पडते, आज कदाचित नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "करा," ते म्हणाले.

मेणाचा ठोकळा मी गरम भांड्यात ठेवला आणि तो वितळताना डोळ्यांत तेल घालून बसले. पाच कड्या एकेक करून बाजूला काढल्या. सहावा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा, पांढुरका. चिमटा गरम केला, तुकडा उचलला, नव्या साच्यात उभा धरला आणि तोंड उघडलं.

"एक. दोन. तीन."

दहा वर्षांत या खोलीत कुणी मोठ्याने मोजलं नव्हतं. माझा आवाज मलाच परका वाटला. कदाचितसाहेब दारात उभे होते. नऊ, दहा, अकरा. मंगळवारी मी अकरापर्यंत तरी पोचले होते का, देव जाणे. बारा, तेरा. मेण तळाशी दुधाळ होऊ लागलं. सोळा. सतराला माझा आवाज जो चिरकला तो पुढे फुटेचना, तेव्हा पुढचे तीन आकडे डॉक्टरांनी मोजले, अगदी शाळेतल्यासारखे, स्पष्ट.

"अठरा. एकोणीस. वीस."

मी चिमटा सोडला. तुकडा उभा राहिला.

शुक्रवारी सात वाजता मी कामावर हजर होते. थंड मेण, नवं पातं. पहिले चार काप नुसत्या मेणाचे, पाचव्यात तुकडा आला. वरचा काठ आधी कापला गेला होता, म्हणून पूर्ण कडी नव्हती, घोड्याच्या नालेसारखा आकार होता. पण भिंत होती! आतला थर, मधला थर, बाहेरचा, सगळी भिंत जागच्या जागी. दोन काचा ओव्हनमध्ये, मग मेण उतरवलं, मग कुकर. शिट्टी होईना. कुकरसुद्धा माणूस बघून आढेवेढे घेतो. झाली एकदाची. थंड करा, धुवा, मार्कर घाला, तासभर थांबा. त्या तासात मी चहा केला आणि प्यायलाच विसरले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शेवटचा रंग घातला. हा तपकिरी रंग मायक्रोस्कोपखाली धरून चढताना बघायचा असतो आणि पाच मिनिटांनी धुवायचा असतो. दुसऱ्या मिनिटाला काही नाही. तिसऱ्याला नालेच्या आतल्या काठाशी धुरकट काहीतरी. चौथ्याला ठिपके, पाच, दहा, वीस, मग मोजताच येईनात. आत, भिंतीच्या आत! भिंतीतल्या लवचीक पडद्याच्या दोन्ही बाजूंना त्या पेशी गर्दी करून बसल्या होत्या, आणि जिथे पडदा तुटला होता तिथे त्या प्रचंड पेशी, अनेक पेशी एकमेकींत मिसळून झालेल्या, एकेक तपकिरी राक्षसीण. मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा सहा मिनिटं होऊन गेली होती. घाईघाईने धुतलं.

कदाचितसाहेबांनी काच लावली आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. बसूनच बघायचं असतं हो मायक्रोस्कोपमधून, पण ते उभेच.

"आहे," ते म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "आहे!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाची होती. "मॅडम आज लवकर राउंडला आल्यात. चार्ट हातात घेतलाय. रिपोर्ट विचारताहेत, बुधवारचं निगेटिव्ह म्हणून कुणीतरी तोंडी सांगितलंय त्यांना."

"थांबवा त्यांना!" मी ओरडले. "फोन द्या त्यांच्याकडे!"

फोन कट झाला. पुन्हा लागेना. वॉर्डाचा लावला, तो सतत बिझी. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी काच खिशात टाकली, खिशात! बाईंनी पाहिलं असतं तर जागीच उभं जाळलं असतं त्यांना. आणि ते पळत सुटले. मी मागे. तीन जिने. या माणसाला मी सात वर्षं ओळखते, त्यांना कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक चप्पल मागे राहिली, मी ती उचलून पळाले.

फिजिशियन मॅडम बाईंच्या खाटेपाशी पेन उघडून उभ्या होत्या.

"थांबा," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "धमनीदाह आहे. सहाव्या तुकड्यात आहे, आज तो वेगळा कापला. भिंतीत सूज, पडदा तुटलेला, महापेशी. दोन्ही मार्कर पॉझिटिव्ह."

"नक्की?"



"नक्की," आमचे कदाचितसाहेब म्हणाले.

मॅडमनी चार्टवरचं अर्धं वाक्य खोडलं. मग भराभर बोलू लागल्या. स्टिरॉइड चालू. इन्सुलिन वाढवा. सोबत दुसरं औषध सुरू करू, म्हणजे स्टिरॉइडचा डोस लवकर उतरवता येईल. पायासाठी सर्जनना आजच बोलवा. भाची भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती. मी हातात एक पुरुषी चप्पल घेऊन उभी होते.

"सहावा?" बाईंनी एवढंच विचारलं. "सहावा वेगळा का कापला?"

"नंतर सांगते, बाई," मी म्हटलं आणि सटकले.

तो 'नंतर' काल आला. पायाची जखम भरत आलीय, साखर ताळ्यावर आहे. बाई काठी टेकत, भाचीचा हात धरून प्रयोगशाळेत आल्या. उजवा डोळा गेला तो गेलाच. डाव्याचं काय, ते डोळ्यांचे डॉक्टर दर आठवड्याला अक्षरं वाचायला लावून सांगतात, पण मला त्या अक्षरांवर भरवसा नव्हता. बाई चलाख आहेत, तक्ता पाठ करतील.

त्या सरळ आपल्या स्टुलाकडे गेल्या. ते माझं स्टूल आहे, पण मी काही बोलले नाही.

"दाखव माझी धमनी."

काच लावली. त्यांनी डावा डोळा मायक्रोस्कोपला लावला, हाताने चक्र फिरवलं, जरा पुढे, जरा मागे. खोलीतले सगळे काम सोडून उभे राहिले होते. कदाचितसाहेब दारात.

"ही नाल का आहे? कडी कुठे गेली?"

"आधी आडवी पडली होती, बाई. काठ कापला गेला."

"किती मोजलेस?"

"मोजलंच नव्हतं."

"माझा तुकडा, आणि मोजलं नव्हतं?"

"नाही."

"आणि दुसऱ्यांदा?"

"वीस. मोठ्याने. शेवटचे तीन डॉक्टरांनी."

बाई मायक्रोस्कोपवरून हलल्या नाहीत. काच सरकवली, पुन्हा मागे आणली, थांबल्या. त्यांना दिसतच नाहीये की काय? नाल दिसली, ती तर कुणालाही दिसेल, केवढी मोठी आहे. पुढचं दिसत नसेल आणि सांगवत नसेल तर?

"धांदरट," त्या म्हणाल्या. "तपकिरी रंग किती ठेवतात?"

"पाच मिनिटं."

"मग हा गडद का आलाय? मागचं सगळं धुरकटलंय. सहा ठेवलास तू. सहाच्या वर, खाली नाही."

मला हसू फुटलं. ते थांबेना, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेही थांबेना. एका मिनिटाचा फरक! कदाचितसाहेबांना दिसला नव्हता, मला सांगूनही दिसला नसता.

"हसतेस काय? काम बिघडवलंस आणि हसतेस?"

"बाई," मी म्हटलं, "पुन्हा एकदा रागवा ना."

त्या रागावल्या. काच खिशात घालून पळवल्याबद्दल डॉक्टरांवरही रागावल्या. चांगली दहा मिनिटं रागावल्या, आणि आम्ही दोघं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.